सव्वानऊ तासांची मेल

२०२५च्या मध्यावर बंगळुरूतून एक बातमी आली आणि ती वाचून हसावं की गंभीर व्हावं हे अनेकांना कळेना. इन्फोसिसमध्ये घरून काम करणाऱ्यांच्या तासांची नोंद यंत्रणा ठेवते आणि महिन्याची सरासरी रोजच्या सव्वानऊ तासांच्या वर गेली की कर्मचाऱ्याला आपोआप मेल जाते. मेलचा सूर काळजीचा. तुम्ही फार काम करताय, मधूनमधून विश्रांती घ्या, काही कामं दुसऱ्याकडे देता येतील का ते मॅनेजरशी बोला, वेळ संपल्यावर शक्यतो कामाचं बोलणं टाळा. याच कंपनीचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये देशातल्या तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करायला हवं असं म्हटलं होतं. त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. सत्तर तास म्हणजे आठवड्याचे सहा दिवस, रोज जवळजवळ पावणेबारा तास.

विनोद करून झाला की ती मेल पुन्हा वाचावी. मूर्ती आता रोजचा कारभार पाहत नाहीत आणि संस्थापकाचं मत म्हणजे कंपनीचं धोरण नव्हे, हे मान्य. मेल पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट होता असंही मला वाटत नाही. प्रश्न पत्त्याचा आहे. बातम्यांतून समोर आलेली मेल ज्याच्यावर काम येऊन पडलं त्याला उद्देशून होती. ज्याने क्लायंटला तारीख कबूल केली, आठ माणसांचं काम पाचांत बसवलं, त्याला उद्देशून नव्हती. तास मोजणारं यंत्र दोघांनाही ओळखतं. ‘तुमच्या टीमचे तास तीन महिने चढेच आहेत, माणसं वाढवा किंवा रिलीजची तारीख पुढे ढकला’ अशी मेल वरच्या मजल्यावर पाठवणं त्याला काहीच अवघड नाही.

मालकाने कर्मचाऱ्याच्या आरोग्यासाठी काय करावं, या प्रश्नावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत बंगळुरूत एक मोठा धंदा उभा राहिलाय. ध्यानाची ॲप, पावलं मोजण्याच्या स्पर्धा, दुपारी चार वाजताचा योग, ‘रेझिलिअन्स’ची सत्रं, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला हिरवी रिबन. त्या शहरात नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींशी बोललं की या सत्रांची आमंत्रणं नेमकी रिलीजच्या आठवड्यात कशी येतात याचे किस्से ऐकायला मिळतात. माझं म्हणणं थोडक्यात असं: तास, माणसांची संख्या, पगार, येण्याजाण्याची सोय, सुपरवायझरची भाषा आणि तक्रार करणाऱ्याची नोकरी शाबूत राहील याची खात्री या गोष्टी मालकाच्या हातात आहेत, आणि त्याचं कर्तव्य तिथेच सुरू होतं. बहुतेक वेळा ते तिथेच संपतंही. झोप, आहार, श्वास, मनःशांती हा कर्मचाऱ्याचा घरचा मामला. आजच्या ‘वेलनेस’ने नेमकी अदलाबदल केली आहे. कंपनी आपल्या घरात शिरली आणि तिच्या स्वतःच्या घरातून बाहेर पडली.

पूर्वीचे मालक संत होते म्हणून त्यांनी वेगळं केलं, असं समजायचं कारण नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. १८८६ मध्ये तिथे निवृत्तिवेतन निधी आला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. भरपाईचा सरकारी कायदा यायला १९२३ उजाडलं. यामागे जमशेटजींची दृष्टी होतीच, पण गिरणीच्या कामाला टिकून राहणारी माणसं नागपुरात मिळत नव्हती हेही खरं होतं. मुंबईत तर काहीच आपणहून मिळालं नाही. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनने काही वर्षं सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आज बंगळुरूत रविवारी दुपारी क्लायंटचा फोन घेणाऱ्या सातारच्या किंवा सोलापूरच्या पोराला सुट्टीचा हा इतिहास कुणी सांगत नाही. एचआरच्या सत्रात तर नाहीच नाही.

बंगळुरूच्या औद्योगिक इतिहासात एक सोलापूरकर अगदी आरंभालाच आहे. वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना इथे काढला. युद्धामुळे सरकारने दोन वर्षांत तो ताब्यात घेतला आणि पुढे त्याचं एचएएल झालं. स्वातंत्र्यानंतर आयटीआय, एचएमटी, बीईएल, बीईएमएल असे सरकारी कारखाने एकामागून एक उभे राहिले. दूरवाणीनगर, विमानपुरा, जालहळ्ळी ही नावं आज मेट्रोच्या आणि बसच्या पाट्यांवर वाचायला मिळतात, पण ती मुळात कारखान्यांच्या वसाहती आणि त्यांच्या आजूबाजूची वस्ती. राहायला क्वार्टर, कारखान्याचं रुग्णालय, मुलांना शाळा, न्यायला-आणायला बस, कँटीनमध्ये स्वस्त जेवण. यातल्या बऱ्याच गोष्टी मालकाच्या मनावर अवलंबून नव्हत्या. १९४८च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कँटीन, ठरावीक संख्येपुढे स्त्रिया असतील तिथे पाळणाघर, पाचशे कामगारांपुढे कल्याण अधिकारी बंधनकारक केला होता. ‘कल्याण’ या शब्दाला तेव्हा कायद्याची धार होती. कँटीन बंद पडलं तर कामगार निरीक्षकाकडे जाता येत होतं. ध्यानाचं ॲप बंद पडलं तर कुणाकडे जायचं?

कायद्याच्या या बाजूला दोन मराठी माणसांचा मोठा हात आहे आणि त्यातल्या एकाचं नाव आपण जवळजवळ विसरलो आहोत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल लिहिला. तो १९४४ मध्ये सादर झाला आणि त्यातून १९४८चा ईएसआय कायदा उभा राहिला. मालकाने काही टक्के द्यायचे, कामगाराने थोडे द्यायचे आणि आजारपणात दवाखाना व पगाराचा काही भाग हक्काने मिळायचा, ही मूळ कल्पना. आजचे दर मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का आहेत. कामगाराला मालकाचे आभार मानावे लागत नाहीत, हा या योजनेचा सर्वात मोठा गुण. बंगळुरूच्या राजाजीनगरातल्या ईएसआय रुग्णालयात गर्दी असते, औषधांवरून कुरबुरी असतात, सगळं असतं. तरी शिलाई कारखान्यातली बाई तिथे आपल्या कार्डावर जाते, मालकाच्या चिठ्ठीवर नव्हे. मात्र पगाराची मर्यादा २०१७ पासून एकवीस हजारांवर थांबली आहे. पगारवाढीने कुणी हजार-दोन हजार रुपयांनी ती ओलांडली की ही योजना सुटते आणि कंपनीच्या मर्जीतली विमा पॉलिसी सुरू होते.

जुन्या वसाहतींना सोन्याचा मुलामा द्यायचा नाही. तिथलं घर नोकरीला बांधलेलं होतं. निवृत्त होताच क्वार्टर सोडावं लागे. कंत्राटी कामगार आले तेव्हा बस, कँटीन, रुग्णालय त्यांच्या वाट्याला आलं नाही. आणि एवढ्या सोयी असूनही १९८०च्या डिसेंबरात याच कारखान्यांतले कामगार बीएचईएल या दुसऱ्या सरकारी कंपनीच्या बरोबरीने पगार हवा म्हणून संपावर गेले. सुमारे अडीच महिने बंगळुरू ठप्प होतं. सोयी चांगल्या होत्या म्हणून माणसं गप्प बसली नाहीत, आणि हे मला त्या व्यवस्थेच्या बाजूचंच एक प्रमाणपत्र वाटतं. त्यांच्याकडे संघटना होती, म्हणून तक्रार वैयक्तिक उरली नाही. रात्री झोप लागत नसलेला बीईएलचा फिटर समुपदेशकाकडे गेला नसता, युनियनच्या ऑफिसात गेला असता. दोन्ही हवं, असं कुणी म्हणेल. म्हणावंच. पण आज त्यातलं एकच शिल्लक आहे.

ते कसं उरलं, हेही बंगळुरूतच नीट पाहता येतं. कामाचे तास, पाळ्या, रजा, बडतर्फी, तक्रार यांचे नियम मालकाने लेखी करून ते मंजूर करून घ्यावेत, असं सांगणारा १९४६चा स्थायी आदेशांचा कायदा होता. आता तो औद्योगिक संबंध संहितेत गेला आहे. कर्नाटक सरकारने आयटी उद्योगाला या कायद्यातून सूट दिली. मुदत संपत आली की सूट वाढवली जायची. २०२४ मध्ये ती पुन्हा पाच वर्षांसाठी वाढली. तक्रार निवारण समिती नेमावी, लैंगिक छळाविरुद्ध समिती असावी, अशा काही अटी घातलेल्या आहेत, पण त्या किती ठिकाणी खऱ्या चालतात ते आयटीत काम करणाऱ्यांनाच विचारावं. केआयटीयू ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना २०१७ मध्ये नोंदली गेली आणि तेव्हापासून ही सूट रद्द करा म्हणून मागणी करते आहे. २०२४च्या जुलैत सरकारपुढे आयटीतल्या कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत वाढवू देण्याचा प्रस्ताव आला, त्याविरुद्ध तिने आवाज उठवला. २०२५च्या जूनमध्ये दिवसाचे साधे तास दहा आणि जादा काम धरून बारा करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हाही उठवला. महाराष्ट्राने नाक वर करायचं कारण नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळानेही दुकानं-आस्थापनांत नऊचे दहा आणि कारखान्यांत नऊचे बारा तास करायला मंजुरी दिली.

तासांचा आणि शरीराचा संबंध आता मतमतांतराचा विषय राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला पंचावन्न किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या आजाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो. २०१६ या एका वर्षात लांबलेल्या तासांशी जोडता येणारे जगभरातले मृत्यू ७ लाख ४५ हजार. सिगारेटच्या पाकिटावर चित्र छापायला लावणारा देश कामाचे तास वाढवताना मात्र ‘लवचिकता’ म्हणतो.

पुण्यात २०२४ मध्ये एका मोठ्या बहुराष्ट्रीय लेखा कंपनीत नव्याने रुजू झालेल्या तरुण सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला आणि तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. मृत्यूचं कारण काम हेच होतं असं बाहेरून कुणी ठामपणे म्हणू शकत नाही, आणि मी म्हणणार नाही. मला त्या प्रकरणातली नंतरची एक बातमी लक्षात राहिली. कामगार खात्याचे अधिकारी तपासणीला गेले तेव्हा त्या कार्यालयाची दुकानं व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचं आढळलं, आणि कार्यालय २००७ पासून चालू होतं. नोंदणी नाही म्हणजे तासांवर मर्यादा घालणारा कायदा त्या दारातून आत गेलेलाच नव्हता. अशा ठिकाणी कुणी ‘वेल-बीइंग’ सप्ताह साजरा केला काय आणि न केला काय.

या सप्ताहांचा उपयोग होतो का, हे तपासणारे चांगले अभ्यास झाले आहेत आणि त्यांचा निकाल धंदेवाल्यांना गैरसोयीचा आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या जवळजवळ पाच हजार कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली गेली. काहींना आरोग्य तपासणी, उपक्रम, बक्षिसं मिळाली, काहींना नाही. वैद्यकीय खर्चात, उत्पादकतेत, गैरहजेरीत लक्षणीय फरक दिसला नाही. जे उत्साहाने सामील झाले ते मुळातच जास्त निरोगी होते. एका मोठ्या दुकान-साखळीच्या सुमारे तेहतीस हजार कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास २०१९ मध्ये आला. दीड वर्षानंतर लोक आपण व्यायाम जास्त करतो असं सांगत होते, पण रक्तदाब, साखर, खर्च, हजेरी जिथल्या तिथे. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून जास्त लोकांची माहिती पाहिली. ध्यान, ताण-व्यवस्थापन, ॲप यांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा सुखी आढळले नाहीत. अपवाद फक्त स्वयंसेवेच्या संधीचा.

एका गोष्टीची भर घातली पाहिजे, नाहीतर माझं म्हणणं क्रूर होईल. घरात मृत्यू झालेल्या, दारूत अडकलेल्या, जगणं नकोसं झालेल्या माणसाला समुपदेशक मिळणं ही मोलाची गोष्ट आहे. ज्या शहरात निम्हान्ससारखी मानसिक आरोग्याची संस्था आहे तिथे तरी हे पटवून द्यायला लागू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकामागेही निम्हान्स आहे. मला शंका आहे ती समुपदेशकाचं बिल कंपनी भरते तेव्हा. तो कर्मचाऱ्याचा राहतो की कंपनीचा? अप्रेझलच्या तोंडावर आपल्या चिंतेची गोष्ट कंपनीच्या ॲपमध्ये लिहिण्याचं धाडस करणारे मला फारसे माहीत नाहीत. उपचार कंपनीच्या भिंतीबाहेर आणि त्यासाठी लागणारी रजा कंपनीच्या आत, अशी वाटणी जास्त शहाणपणाची.

आता बंगळुरूच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. पीण्या, म्हैसूर रोड, बोम्मनहळ्ळी. आयटीच्या झगमगाटात दिसत नाही, पण शहरात लाखो माणसं कपडे शिवतात, आणि त्यात बहुसंख्य स्त्रिया आहेत. ओळीत मशिनी, तासातासाचं टार्गेट, पाठीमागे ओरडणारा सुपरवायझर, लघवीला जायला लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचं. मालक आणि आरोग्य यांच्या संबंधावर जगातलं सर्वात उद्बोधक संशोधन यातल्याच कारखान्यांत झालं आहे आणि ते आपल्याकडे फार कमी वाचलं गेलं. अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं.

पहिली गोष्ट दिव्यांची. परदेशी ग्राहक कंपन्यांच्या वीजबचतीच्या आग्रहामुळे काही कारखान्यांनी शिलाईच्या जागेवर जुन्या ट्यूबलाइटऐवजी एलईडी बसवले. जुने दिवे तापायचे आणि ते बाईच्या डोक्याजवळच असायचे. एलईडीने ती धग कमी झाली. बाहेर ऊन वाढलं की पूर्वी शिलाईचं काम मंदावायचं, ते मंदावणं बहुतांशी थांबलं. विजेच्या बचतीवर हिशेब केला होता, पण कामातला फायदा धरला तर दिव्यांचा खर्च काही महिन्यांत वसूल होत होता. कारखान्यातल्या बायांना कुणी उष्णता सहन करण्याचं प्रशिक्षण दिलं नाही, ताक प्या असं पोस्टर लावलं नाही. डोक्यावरचा दिवा बदलला. आणि तोही त्यांच्यासाठी नव्हे! मालकाच्या हातात काय असतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सुचत नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. शाही एक्स्पोर्ट्सच्या पाच कारखान्यांत ‘पेस’ नावाचा कार्यक्रम झाला. संवाद, वेळेचं नियोजन, पैशाचे व्यवहार, आरोग्य यांचं सुमारे ऐंशी तासांचं शिक्षण. इच्छुक बायांतून सोडत काढून निवड झाली, त्यामुळे तुलना पक्की. शिकलेल्या बायांची उत्पादकता साडेतेरा टक्क्यांनी वाढली. कार्यक्रम संपल्यावर आठ महिन्यांत कंपनीला खर्च वजा जाता अडीच पटीच्या आसपास परतावा मिळाला. बायांचा पगार किती वाढला? साधारण अर्धा टक्का. कर्मचाऱ्यांवर खर्च करा, तुमचाच फायदा आहे, असं व्यवस्थापनाच्या सभांतून सांगितलं जातं, आणि ते खरं आहे हे या आकड्यांनी दाखवलं. फायदा कुणाचा, हेही दाखवलं. बायांना त्या कार्यक्रमातून काहीच मिळालं नाही असं मी म्हणत नाही. शिकलेलं कुणी काढून घेत नाही. पण पगाराच्या पाकिटातून पाहिलं तर कल्याण आणि नफा यांचं भांडणच नाही हा जो गोड सिद्धांत आहे, तो अर्धाच उरतो.

तिसरी गोष्ट २०१६ची. पगारवाढ अपेक्षेपेक्षा कमी आली आणि बाया नाराज होत्या. संशोधकांनी त्यांच्यातल्या निम्म्यांना एक निनावी प्रश्नावली दिली: पगार, सुपरवायझर, काम, सगळ्यांबद्दल काय वाटतं ते सांगा. ज्यांना विचारलं त्यांच्यात नोकरी सोडण्याचं प्रमाण सुमारे वीस टक्क्यांनी कमी झालं. फक्त विचारल्याने. आवाज ऐकला जाण्याची भूक किती मोठी आहे हे यातून दिसतं. आणि एखादा धूर्त मॅनेजर यातून काय शिकेल हेही उघड आहे: पगार वाढवू नका, सर्व्हे पाठवा. आजकाल आयटीत दर तिमाहीला येणाऱ्या ‘पल्स सर्व्हे’कडे पाहिलं की तो धडा कुणीतरी नीट गिरवला आहे असं वाटतं.

त्याच वर्षी, एप्रिलच्या १८ आणि १९ तारखेला, याच शहरातल्या शिलाई कामगार बाया हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरल्या. भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा वाटा ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही असा नियम केंद्राने केला होता. ज्या कामात पस्तिशी-चाळिशीत पाठ आणि डोळे जातात, तिथे अठ्ठावन्नची वाट कोण पाहणार? लग्न, आजारपण, मुलांची फी आणि नको त्या सुपरवायझरच्या तोंडावर नोकरी फेकून द्यायची सोय, एवढं सगळं त्या पैशात होतं. होसूर रोड अडला, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या आणि १९ तारखेलाच सरकारने नियम मागे घेतला. मोठ्या संघटनांनी पुकारलेलं हे आंदोलन नव्हतं. कुणीही त्या बायांना निनावी प्रश्नावली दिली नव्हती. दिली असती तर त्यांनी योगवर्ग मागितले नसते, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

यावर मालकांच्या बाजूने जे म्हटलं जातं त्यातलं बरंचसं फेटाळण्यासारखं नाही. पोलंड किंवा फिलिपिन्समधली कंपनी तेच काम घ्यायला टपलेली असते, क्लायंटची सकाळ ही आपली रात्र असते. तीस माणसांच्या कंपनीला पाळणाघर परवडत नाही. मातृत्व रजेच्या २०१७च्या दुरुस्तीने पन्नास कर्मचाऱ्यांपुढे पाळणाघराची अट घातली आणि सव्वीस आठवड्यांच्या रजेचा खर्च पूर्णपणे मालकावर ठेवला, तेव्हा तरुण स्त्रियांना घेणंच टाळणारे मालक निघाले. ही तक्रार रास्त आहे आणि तिचं उत्तर आडारकरांच्याच वाटेने जातं: असा खर्च एकट्या मालकावर न टाकता सगळ्यांच्या वर्गणीतून विमा करायचा. कर्नाटकाने २०२५ मध्ये ॲपवर काम करणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांसाठी प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क घेणारा कायदा केला, तो याच विचाराचा. ‘जमत नसेल तर नोकरी सोडा’ हा मालकांचा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. व्हाइटफील्डला घराचा हप्ता चालू असताना आणि नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड डोक्यावर असताना सोडणं हा बोलण्याइतका सोपा पर्याय नसतो.

आणि कर्मचारी म्हणजे नेमकं कोण? मान्यता टेक पार्क किंवा इलेक्ट्रॉनिक्स सिटीच्या दारावरचा सुरक्षारक्षक बारा तासांच्या पाळीत उभा असतो. हाउसकीपिंगची बाई, कँटीनवाला, कॅबचालक यांतलं कुणी कंपनीच्या यादीत नसतं. एजन्सीचं असतं. कंपनीच्या आरोग्य शिबिरात साहेबांचं कोलेस्टेरॉल मोजलं जात असताना खुर्च्या लावणाऱ्या माणसाचा रक्तदाब कुणी मोजत नाही. या एका बाबतीत जुन्या वसाहतींचं पाप आज दसपटीने वाढलं आहे.

वाहतुकीचं थोडक्यात. वाहतुकीची कोंडी मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४च्या आकड्यांनुसार बंगळुरूत दहा किलोमीटरला सरासरी ३४ मिनिटं लागत होती, पुण्यात ३३. एचएएल-बीईएलने बस चालवल्या कारण शहर लांब होतं. आजच्या कंपन्या कार्यालयात परत या म्हणतात तेव्हा तो प्रवास कुणाच्या वेळातून जातो हे बोलत नाहीत. इलेक्ट्रॉनिक्स सिटीकडे जाणारी मेट्रोची पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली आणि तिच्या कोणप्पन अग्रहार स्थानकासाठी इन्फोसिस फाउंडेशनने पैसे दिले. त्या सव्वानऊ तासांच्या मेलपेक्षा हे काम मला कितीतरी जास्त आरोग्यदायी वाटतं, हे त्याच घराण्याच्या बाजूने मोकळेपणाने म्हणायला हवं.

मग करायचं काय? माझ्याकडे योजना नाही, एक किरकोळ मागणी आहे. सेबीने शेअर बाजारातल्या सर्वात मोठ्या एक हजार कंपन्यांना दरवर्षी व्यवसाय-जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला आहे. त्यात कर्मचाऱ्यांच्या कल्याणाचा तक्ता असतो: आरोग्य विमा किती टक्क्यांना, अपघात विमा किती, मातृत्व आणि पितृत्व लाभ किती, पाळणाघर किती. पुढे संघटनेचे सदस्य किती, हाही प्रश्न असतो. कल्याणाच्या त्या तक्त्यात कामाच्या तासांचा रकाना नाही. तो घालावा. सरासरी नको, सरासरीत सगळं लपतं. आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर किती जण गेले, पंचावन्नच्या वर किती, शिल्लक रजा किती जणांच्या बुडाल्या, आणि हे सगळं कंत्राटी माणसांसकट. यंत्र हे आकडे आधीच मोजतं, ते त्या मेलने सिद्धच केलं आहे. म्हणजे खर्चाची सबब उरत नाही. पहिल्या वर्षी आकडे सजवून येतील. ते पंचिंगच्या नोंदींशी ताडून पाहायला कर्मचाऱ्यांच्याच बाजूचं कुणीतरी लागेल, आणि ‘संघटनेचे सदस्य किती’ या रकान्यात शून्य भरणाऱ्या कंपनीत ते कोण करणार, हा प्रश्न मग भागधारकांनाही विचारावा लागेल.